सतरा नंबरचं झाकण

आमच्या घरात कुणी थाप मारली की बाकीचे म्हणतात, "विमान उडून गेलं वाटतं." नवख्या माणसाला याचा अर्थ लागत नाही. आमच्या जावयाला लग्नानंतर सहा महिने लागला नव्हता. आता दूध आणायला विसरला की तो बिचारा आपणहून म्हणतो, "उडून गेलं." या वाक्याची जननी मी. एकतीस वर्षं ते मी चारचौघांत मिरवलं. ज्यांच्यावरून ते निघालं ते आमचे हे दोन वर्षांपूर्वी गेले, आणि तोवर एकदाही मी ते मागे घेतलं नाही.

हे हवाई दलाच्या तळावर फिटर होते. लढाऊ विमानांची पोटं उघडायची, आतलं तपासायचं, पोटं बंद करायची, हेच काम जन्मभर केलं. घरी आले की कपड्यांना इंधनाचा वास, नखांत काळं आणि तोंडात मोजून चार शब्द. मी बोलायची, हे ऐकायचे. लोक म्हणायचे, किती छान जमतं दोघांचं.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. म्हणजे मी भांडत होते आणि हे बुटांना पॉलिश करत होते. मला कपडे बेतायच्या मोठ्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. दुसऱ्या गावी राहून करायचा, तीन महिन्यांचा. दोनशे बायकांतून वीस जणी घेतल्या होत्या आणि त्यांत मी होते. तो झाला असता तर मी पुढे आयुष्यभर पडदे आणि शाळेचे गणवेश शिवत बसले नसते. शिकवायला लागले असते, चार मुली हाताखाली घेऊन दुकान काढलं असतं. होकार कळवायला आठ दिवस उरले होते. मी विचारलं, "तीन महिने जाऊ का?" मुलगी तेव्हा चार वर्षांची. ह्यांनी ब्रश खाली न ठेवता म्हटलं, "मुलीकडे कोण बघणार? बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. मी दार आपटून आत गेले.

दुपारी मुलीला खोकल्याची उबळ आली, म्हणून शेजारच्या दवाखान्यातून मी तळावर ह्यांच्या हँगरमध्ये फोन लावला. कसे आहात, काय करताय, काही नाही. चार वस्तू सांगितल्या: खोकल्याचं औषध, शिवणयंत्राचं तेल, दोन बल्ब, मुलीच्या बुटांच्या नाड्या. "लिहून घ्या," म्हटलं आणि फोन आपटला. त्या दिवशी आपटायला मिळेल ते मी आपटत होते.

संध्याकाळी हे हात हलवत घरी आले.

"लिहून घेतलं होतं ना?" मी विचारलं.

"घेतलं होतं."

"मग कागद कुठाय?"

"कागदावर नाही. सतरा नंबरच्या झाकणावर लिहिलं. पोटाखालच्या." मग जरा थांबून, "आणि विमान उडून गेलं."

मी म्हटलं, "खोटं बोलायचं तर निदान जमिनीवरचं तरी बोला." आणि तशीच घरातल्या चपलांवर औषधाच्या दुकानात गेले. त्या दिवसापासून हे आमच्या घरात खोटारडे ठरले. कोर्सचा विषय मी काढला नाही, ह्यांनीही काढला नाही, आणि आठ दिवस निघून गेले.

चार महिन्यांनी ते विमान दुसऱ्या तळावरून परत आलं, तेव्हा हे म्हणाले होते, "आहे अजून ते. येऊन बघतेस?" दर वर्षी हवाई प्रात्यक्षिकांच्या दिवशी घरच्यांना तळावर सोडत, आणि दर वर्षी हे तेवढंच विचारत. मी म्हणायची, "मला विमानाचं पोट बघायला वेळ नाही." मला वाटायचं, ह्यांना फक्त स्वतःचं खरं करून दाखवायचंय. आणि मी गेले नाही की हेही निमूटपणे मुलीला खांद्यावर घेऊन जायचे आणि संध्याकाळी उन्हानं लाल होऊन परत यायचे.

गेल्या महिन्यात तळावरून पत्र आलं. सतरा नंबरचं ते विमान या वर्षीच्या प्रात्यक्षिकांत शेवटचं उडणार, मग ते तळाच्या फाटकासमोर चौथऱ्यावर बसवणार, झाकणं रिव्हेट मारून कायमची बंद. ज्यांनी त्यावर काम केलं त्यांच्या घरच्यांना उड्डाणाआधी ते जवळून बघता येईल. पत्र माझ्या हातात द्यायच्या आधी वन्संनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, वय वर्षं एक्याऐंशी, हे गेल्यापासून माझ्याकडेच असतात.

"चल," वन्सं म्हणाल्या. "एकदाचं बघून टाक. माझा भाऊ विसराळू होता. खोटारडा नव्हता."

"आणि तिथं काही नसलं तर?"

"तर आयुष्यभर तुझी माफी मागेन."

"वन्सं, या वयात हा सौदा तुम्हाला फार सोपा पडतोय."

त्या हसल्या. मी हसले नाही. खरं सांगायचं तर मला तिथं काही नसण्याची भीती नव्हती, असण्याची होती. नसलं, तर मी एकतीस वर्षं बरोबर होते. असलं, तर एका सरळ माणसाला तो मरेपर्यंत मी खोटारडा म्हटलं होतं, आणि आता माफी मागायलाही तो जागेवर नव्हता.

सकाळी साडेआठलाच फाटकापाशी मोठी रांग होती. टोप्या, दुर्बिणी, घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. वन्संची टोकदार छत्री पहारेकऱ्यानं काढून घेतली, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, "एवढी विमानं आहेत तुमच्याकडे, आणि माझ्या छत्रीला भिता?" तो हसला, पण छत्री काही दिली नाही. त्याबदली त्यानं आपली टोपी दिली. दिवसभर वन्सं ती घालून होत्या, आणि निम्म्या लोकांना त्या निवृत्त अधिकारी वाटल्या असाव्यात.

मी तळाच्या वसाहतीत बावीस वर्षं काढली, पण धावपट्टी एवढ्या जवळून कधीच बघितली नव्हती. आम्हाला विमानं ऐकू यायची. मशीनवर बसले असताना आवाज सुरू झाला की मी पायडल थांबवायची, कारण खिडकीच्या काचांबरोबर टेबल थरथरायचं आणि टाके वाकडे पडायचे. तेवढ्या वेळात मोजायची. गेली चार. तासाभरानं परत, एक, दोन, तीन, आणि चौथं ऐकू येईपर्यंत पुढचा टाका घालायची नाही. वसाहतीतल्या सगळ्या बायका असंच करायच्या. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. एखाद्या दिवशी चौथं उशिरा आलं तर चार घरांची दारं एकदम उघडायची आणि आम्ही अंगणात उभ्या राहून वर बघायचो, आमच्यातल्या एकीचाही नवरा वैमानिक नसताना. ते आलं की कुणीतरी म्हणायची, "चला, भात करपला असेल," आणि दारं बंद व्हायची. त्या बायका आता कुठं कुठं आहेत. मला त्यांची फार आठवण आली.

प्रात्यक्षिकं सुरू झाली. कर्ण्यावरचा निवेदक असा ओरडत होता की प्रत्येक विमान जणू त्यानं स्वतः घरी तयार केलंय. आधी हेलिकॉप्टर आलं आणि एका जागी तरंगत राहिलं. धुळीनं पुढच्या चार रांगांच्या टोप्या उडाल्या, पण वन्संनी आपली दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग छत्रीधारी सैनिक उतरले, त्यांतला एक नेमका चुन्यानं आखलेल्या वर्तुळाच्या बाहेर, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. मग चार विमानं एकमेकांना खेटून डोक्यावरून गेली. ती दिसली तेव्हा आवाज नव्हता, आणि आवाज आला तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. माझा हात आपोआप पुढे गेला, चाक धरायला. समोर मशीन नव्हतं. मी मोजायला लागले. चार गेली. परत येईपर्यंत मी वन्संशी एक शब्द बोलले नाही. चारही आली.

आमच्या शेजारी निवृत्त फिटरांचा कंपू बसला होता. ते वर बघतच नव्हते. डोळे मिटून ऐकत होते आणि एकमेकांना सांगत होते, कुठल्या इंजिनाला काय होतंय. हे असते तर त्यांच्यातच बसले असते, आणि मी घरी असते, हे मला कळत होतं.

दोन वाजता कर्ण्यावरून आमची नावं पुकारली. दहा-बारा कुटुंबं होती. बाकीच्यांनी लांबून फोटो काढून घेतले, मुलांना उचलून पंख दाखवला आणि ती गेली. आम्ही दोघी मागे राहिलो. सतरा नंबर मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, आणि म्हातारं दिसत होतं. रंग नवा होता, पण पत्र्याला जागोजागी पोचे होते.

त्याची प्रमुख फिटर एक बाई निघाली. पस्तिशीची असेल, बाह्या दुमडलेल्या, केस घट्ट बांधलेले. तिनं आमच्यापुढे एक पत्र्याचा ट्रे धरला.

"मावशी, खिशातलं सगळं यात काढा. पेन, कागद, नाणी, रुमाल. केसांतल्या पिनासुद्धा."

"पिना कशाला?"

"विमानाजवळ सुटी वस्तू न्यायची नाही. इंजिन आत ओढून घेतं. आमचेही खिसे रिकामेच असतात, पहिल्या दिवसापासून."

मी पिना काढता काढता थांबले. "मग तुम्हाला इथं काही लिहून घ्यायचं झालं तर?"

तिनं बाहीवरच्या पट्टीत अडकवलेली एक जाडी पिवळी पेन्सिल दाखवली. "ही मेणाची. शिशाची चालत नाही, पत्रा खाते. लिहायचं ते हिनंच, आणि हातात असेल त्या पत्र्यावर. नंतर पुसून टाकायचं."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. बावीस वर्षं वसाहतीत राहून ह्यांच्या कामाचा हा साधा नियम मला माहीत नव्हता. ह्यांनी कधी सांगितला नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

"ते पोटाखालचं झाकण," मी म्हटलं, "ते उघडून दाखवता येईल का?"

ती एकदम गंभीर झाली. "कुठलं?"

"ज्यावर काहीतरी लिहिलंय. लिहिलं असेल तर."

"तुम्हाला कुणी सांगितलं त्याबद्दल?"

"माझ्या नवऱ्यानं. एकतीस वर्षांपूर्वी. मशीनचं तेल, बल्ब, नाड्या आणि खोकल्याचं औषध."

तिनं ट्रे खाली ठेवला. ती पोटाखाली वाकली, एकामागून एक स्क्रू सोडवले, मोजून डब्यात टाकले, आणि झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. थाळीएवढं झाकण. आतून हिरवा रंग, आणि त्यावर पांढऱ्या रंगानं ब्रशनं काढलेली सुबक अक्षरं. अक्षर ह्यांचं नव्हतं. यादी माझी होती. औषध, तेल, बल्ब, नाड्या, मी सांगितली त्याच क्रमानं.

"आम्ही दर मोठ्या दुरुस्तीला हे नव्यानं काढतो," ती सांगत होती. "जुना रंग खरवडला की आधी ही यादी उतरवून घ्यायची, नवा रंग झाला की जशीच्या तशी परत. पहिल्यांदा ज्यांनी लिहिली त्यांनी निवृत्त होताना हाताखालच्यांना सांगितलं होतं, हिची मालकीण येऊन बघेपर्यंत पुसायचं नाही. त्यांनी पुढच्यांना सांगितलं. आमच्याकडे आदेश रद्द होईपर्यंत चालूच असतो, मावशी. कोण मालकीण, कुणाला ठाऊक नव्हतं. नवीन माणूस आला की हमखास विचारतो, लढाऊ विमानात शिवणयंत्राचं तेल कशाला."

वन्सं टोपी काढून हातात धरून उभ्या होत्या. त्या जिंकल्या होत्या. मी यादी परत वाचत होते, कारण ती चार ओळींची नव्हती. खाली पाचवी ओळ होती. ती मी सांगितलेली नव्हती.

"हो म्हणायचं."

एवढंच. खाली दोन रेघा.

मला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. मी तशीच बाहेर पडत होते, आणि हे उंबऱ्यात उभे राहून म्हणाले होते, "अजून एक होतं—" आणि मी म्हटलं होतं, "एक शब्द बोलू नका." ह्यांना सांगितलेलं ऐकायची सवय. ते बोलले नाहीत. त्यांनी मला आणून दाखवायचं ठरवलं, आणि मी दर वर्षी म्हटलं, मला वेळ नाही.

"या पाचव्या ओळीचा आमच्याकडे एक पायंडाच पडून गेलाय," फिटर बाई म्हणाली. तिला माझा चेहरा दिसत नसावा, कारण मी वाकलेली होते. "या झाकणाखाली उभं राहून कुणी काही मागितलं तर वरच्यानं नाही म्हणायचं नाही. इथं लोकांनी आईच्या आजारपणासाठी रजा घेतल्यात, लग्नासाठी घेतल्यात. साहेब लोक तर कुणी हाक मारली की आधी बघतात, हा सतरा नंबरखाली तर उभा नाही ना. मी सहा महिन्यांचा कोर्स इथंच मागितला होता. साहेबांच्या अगदी मनात नव्हतं. पण झाकण उघडं होतं, चार जण ऐकत होते, म्हणावं लागलं. म्हणून आज मी प्रमुख आहे."

ते माझं होतं. माझ्या वाट्याचं "हो" एकतीस वर्षं इथं लटकत राहिलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसांना मिळत गेलं. मला राग आला, हे मी लपवत नाही. ह्यांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. आणि समोरच्या बाईकडे बघून तो टिकेना. तिचं काय चुकलं होतं. चांगल्या कामाला लागलं होतं ते.

मी तिला सगळं सांगितलं. बुटांचं पॉलिश, दोनशेतल्या वीस, सगळं. ती झाकण छातीशी धरून ऐकत होती. पलीकडे वैमानिक शिडीपाशी येऊन थांबला होता आणि घड्याळ बघत होता. तिनं त्याला हातानंच थांबायची खूण केली.

"मग आदेश संपला," ती म्हणाली. "मालकीण आली. पुसू का?"

"राहू द्या."

"ठीक." तिनं झाकण पोटाखाली नेलं, पण लावलं नाही. "मावशी, उद्यापासून हे उघडणार नाही. काही मागायचं असेल तर मागून घ्या."

"मी काय मागू आता या वयात," मी म्हटलं. मुलीचं सगळं मार्गी लागलंय. डोळे अधू झालेत, सुईत दोरा ओवायला भिंग लागतं. खरंच मला काही नको होतं. मी मागे फिरणार होते. पण उभी राहिले, आणि वर त्या हिरव्या पत्र्याकडे बघून, ज्या आवाजात त्या सकाळी विचारायला हवं होतं त्या आवाजात, न भांडता, विचारलं.

"तीन महिने जाऊ का?"

फिटर बाईनं कुठं, कशाला, काही विचारलं नाही. सरळ उभी राहिली.

"हो," ती म्हणाली.

मी रडायला लागले. एवढ्या लोकांसमोर, मोकळ्या केसांनी. वन्सं जवळ आल्या, आणि त्यांनी माझा दंड धरला. 

"जा तू," वन्सं म्हणाल्या. "मुलीकडे मी बघते."